केसभर मागे

लतिकाच्या बोटांना डोळे आहेत, असं मिशिगनमधल्या त्या बायकांच्या तुरुंगात तिच्याबरोबरचे सगळे गार्ड म्हणायचे. आगीच्या धुरात काही दिसत नाही, म्हणून तिथल्या आणीबाणीच्या किल्ल्यांना खाचा पाडलेल्या. बोट फिरवायचं आणि कुठल्या दाराची ते ओळखायचं. फायर ड्रिलला डोळ्यांवर पट्टी बांधून दारं उघडायची. वर्षानुवर्षं पहिली लतिकाच.

मग अनिका नवी गार्ड म्हणून आली. जवळच्याच नोव्हाय गावात जन्मलेली, मराठीत अडखळणारी, पण किल्ल्यांच्या जुडग्यावर बोटं अशी फिरवायची की पेटीवर सूर धरावेत. "मावशी, मला शिकव ना," म्हणत मागे मागे हिंडली आणि बघता बघता पुढे गेली. सार्जंट म्हणाला, "आता दवाखान्याची किल्ली अनिकाकडे." लतिका गोड हसली. पोटात मात्र फोडणीतली मिरची जळत राहिली. ठसका लागला तरी दाखवायचा कुणाला?

सगळं शिकवलं होतं तिने. एवढंच राखून ठेवलं होतं: दवाखान्याचं कुलूप अडकायचं. किल्ली घालून केसभर मागे ओढली तरच फिरायची. लतिकाचा पहिला नंबर त्या केसभरातच तर होता!

ड्रिलच्या दिवशी भोंगा वाजला. पट्टी बांधलेल्या अनिकाने झटकन बरोबर किल्ली काढली, कुलपात घातली. फिरेना. पुन्हा. फिरेना.

"व्हॉट द... मावशी, हीच आहे ना?"

"हीच आहे गं," लतिका म्हणाली. मनात कुणीतरी फुगडी घालत होतं. फिरव बाई, फिरव आता सूर!

तेवढ्यात आतून दार धडधडलं. व्हीलचेअरवरची दम्याची म्हातारी कैदी, मिस रूथ. तिला ड्रिल आहे हे सांगूनही ती विसरली होती.

"लतिका! तू आहेस ना बाहेर? खरंच आग लागलीय का गं?" आणि खोकला, न थांबणारा.

फुगडी जागीच थांबली. अनिकाच्या घामेजल्या हातावर लतिकाने आपला हात ठेवला.

"मागे ओढ. केसभर. आता फिरव."

दार उघडलं. रूथ लतिकाला बिलगली. अनिकाने पट्टी वर सारली.

"मावशी, तुला माहीत होतं? यार, धिस इज चीटिंग!"

"होय, होतं," लतिका म्हणाली, आणि वळून मागे वेळ मोजत उभ्या असलेल्या सार्जंटलाही तेच सांगितलं. "कुलूप बिघडलंय. मी केव्हाच सांगायला हवं होतं. बदला."

त्याने वहीत कुलपाची नोंद केली, खाली लतिकाचं नाव लिहिलं आणि निघून गेला.

नवं कुलूप आलं, लोण्यासारखं फिरणारं. पुढच्या ड्रिलला अनिकाच पहिली येणार, हे भिंतींनाही ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांवरची पट्टी लतिकानेच बांधली.

"मावशी, किती घट्ट!"

"धुरात याहून कमी दिसतं," लतिका म्हणाली, आणि गाठ आणखी जराशी आवळली.