अळ्यांची आंघोळ

जन्मभर माश्यांचा नायनाट करून निवृत्त झालेल्या स्वच्छता निरीक्षकांच्या टाचेवर डॉक्टरीणबाई माशीच्याच अळ्या सोडणार होत्या. मधुमेहाने चिघळलेली जखम एकाही औषधाला दाद देत नव्हती. दुसरा उपाय म्हणजे पाय कापणे. निरीक्षकांनी दोन्ही बाजू निष्पक्षपणे तपासल्या आणि नाक मुरडून अळ्यांना होकार दिला.

प्रयोगशाळेत निर्जंतुक वाढवलेल्या, तांदळाच्या कणीएवढ्या अळ्या जखमेवर ठेवून वर जाळीची पट्टी बांधली गेली. त्या कुजलेलं मांस तेवढं खातात आणि त्यांच्या तोंडून पाझरणाऱ्या रसाने जंतू मरतात, असं बाईंनी समजावलं. निरीक्षकांनी मान डोलावली. खात्यात वरिष्ठांपुढेही ते अशीच डोलवत, पटलेलं नसताना.

घरी बायकोने ताट दारातूनच आत सरकवलं आणि विचारलं, "पाहुणे जेवले का?"

संध्याकाळी पट्टीखाली वळवळ सुरू झाली. घाणीत लोळणारी जात, तिची लाळ औषध कशी असेल? निरीक्षकांना राहवेना. त्यांनी जंतुनाशकाची बाटली काढली आणि पाहुण्यांना पट्टीसकट आंघोळ घातली. वळवळ थांबली. कर्तव्य बजावल्याच्या समाधानात त्यांना छान झोप लागली.

बाईंनी पट्टी सोडली तेव्हा अळ्या मेल्या होत्या आणि जखमेतल्या संसर्गाची लाली घोट्याच्या वर चढली होती.

"काका, त्या तुमच्या हातांपेक्षा स्वच्छ होत्या," बाई म्हणाल्या. आणखी एकदाच अळ्या लावून पाहता येईल. लाली उतरली नाही, तर पाय वाचवणं आपल्या हातात नाही.

या खेपेला निरीक्षक पाय उशीवर ठेवून राखणीला बसले. वळवळ जरा मंदावली की ते पट्टीवर वाकून पाहत. "चाललंय ना रे, बाळांनो?" असं ते पट्टीला विचारत असताना बायको दारात उभी होती. ती ताट घेऊन आत आली आणि पलंगावरच टेकली.

पट्टी सुटली. लाली उतरली होती, जखमेच्या तळाशी गुलाबी मांस धरलं होतं. पाय राहणार होता. खाऊन टम्म फुगलेल्या अळ्या नर्सने चिमट्याने पिशवीत भरल्या आणि तोंड घट्ट बांधलं. आता त्या जाळायच्या. तसा नियमच आहे. निरीक्षकांना तो मान्य होता. त्यांनीही वेगळं काही केलं नसतं.

तरी पिशवी दाराकडे निघाली तसे ते खाटेचा कठडा धरून उठले.

"काका, त्या पायावर भार देऊ नका," बाई म्हणाल्या.

"दुसऱ्यावर उभा आहे," निरीक्षक म्हणाले, आणि पिशवी दिसेनाशी होईपर्यंत बसले नाहीत.