भर बाराच्या शिव्या

“वाचा,” मॅजिस्ट्रेट म्हणाले.

नीळकंठरावांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. दारव्ह्याच्या कोर्टात वीस वर्षं साहेबांपुढं कागद वाचून दाखवणारे रीडर असलेल्या या गृहस्थाच्या तोंडून ‘गाढवा’पलीकडे शिवी गेली नव्हती, आणि तीही एका खऱ्या गाढवाला. समोरच्या फिर्यादीत मात्र ओळीला दोन होत्या.

“आरोपीने अशी अशी शिवी...”

“अशी अशी नाही. जे शब्द आहेत ते वाचा. खटला शब्दांवरच उभा आहे.”

मग त्यांनी सातबारा वाचावा तशा त्या शिव्या वाचून दाखवल्या. मागच्या बाकावर कोणीतरी फसकन हसलं. पिंजऱ्यातली सुखीबाई हसली नाही. तांड्यावरची ही म्हातारी मुलींच्या शाळेसमोरच्या विहिरीवर रोज भर बारा वाजता उभी राहून शिव्या घालायची, म्हणून मुख्याध्यापिका विमलताईंनी फिर्याद दिली होती.

“कोणाला देतेस गं?” मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

“माह्या पोरीले. रुपीले.”

“कुठं असते ती?”

“विहिरीतच हाये न साहेब. नऊ वर्साची होती, पानी आणाले गेलती. अकरा सालं झाले. तिले एकटीले करमत नाही. बाराच्या टायमाले वर येते, सोबतीन पाहाते. गोडीनं सांगतलं त अजून जवळ येते. शिवी देल्ली का खाली जाते. कोनती माय हौसेनं देते साहेब?”

मॅजिस्ट्रेट माणूस वाईट नव्हते. त्यांनी शिक्षा केली नाही. वर्षभर सार्वजनिक जागी अपशब्द काढणार नाही, एवढं लिहून घेतलं. म्हातारीच्या अंगठ्याला शाई नीळकंठरावांनीच लावली.

“बाबू, तुमाले पोरगी हाये?” तिनं हळूच विचारलं.

“आहे. त्याच शाळेत.”

“मंग सांभाळा.”

दुसऱ्या दिवशी साडेअकरापासून त्यांचं कामात लक्ष लागेना. भुताखेतांवर विश्वास नव्हता, असं ते स्वतःला बजावत होते. पाय मात्र छत्री न घेताच शाळेकडे निघाले.

बाराची मधली सुट्टी झालेली. तरी पटांगणात आवाज नव्हता. मुली जागच्या जागी उभ्या, चिमण्यासुद्धा गप्प. विहिरीपाशी सुखीबाई होती. ओढणीचा बोळा तोंडात कोंबून, डोळ्यांतून धारा लागलेल्या. दिलेला शब्द ती असा पाळत होती. कायद्याचा एवढा मान उभ्या नोकरीत त्यांनी पाहिला नव्हता.

आणि कठड्यावर पोटावर ओणवी झालेली त्यांची लेक सुमेधा. पाय जमिनीपासून सुटलेले.

“सुमेधा!”

तिनं वळून पाहिलं नाही. ती विहिरीत पाहून हसत होती. “येते ना गं. पण आधी तुझं नाव सांग.”

वारा नव्हता, तरी खाली पाणी हललं. बांगड्या वाजल्या. सुमेधा आणखी पुढं सरकली.

नीळकंठराव धावायला गेले, तर पाय उचलेनात. उरला होता फक्त गळा. त्यांनी शिवी दिली. मग दुसरी. काल वाचलेल्या सगळ्या, आणि आपल्याला येतात हे ठाऊक नसलेल्याही, थेट पोटातून. विमलताईंनी व्हरांड्यात कानांवर हात ठेवले. सुमेधा घसरून अलीकडे पडली आणि रडू लागली. पाणी स्थिर झालं.

त्यांनी लेकीला छातीशी घट्ट धरलं. भीतीनं कमी, लाजेनं जास्त.

“बाबा, तिला का बोललात?” सुमेधा हुंदके देत म्हणाली. “ती रडत रडत गेली.”

विहिरीतली रुपी, नऊ वर्षांची पोर. तिला आपण काय काय म्हणालो! नीळकंठरावांना मान वर करवेना.

“नीळकंठराव, मला फिर्याद द्यावी लागेल,” विमलताई जवळ येऊन चाचरत म्हणाल्या.

“द्या ताई. शब्द मी लिहून देतो.”

सुखीबाईनं तोंडातला बोळा काढला. अकरा वर्षांत प्रथमच तिच्या रुपीला दुसरं कोणी बोललं होतं. ती कठड्यावर वाकली, हात पुरेल तेवढा खाली नेला, आणि परक्याच्या शिव्या खाऊन आलेल्या लेकीची समजूत काढावी तशी आपल्या तांड्याच्या बोलीत, हलक्या आवाजात, पाण्याशी कितीतरी वेळ बोलत राहिली.