पेट्या करणारा रखमाजी

"नावानं हाक मार मला," अण्णा म्हणाले.

मी त्यांच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होते. ते तसंच ओठांच्या कडेनं उशीवर आलं.

"अण्णा, मी मीना."

"ते ठाव हाय. तू मला हाक मार. नावानं."

आता बापाला नावानं हाक मारणारी मुलगी आमच्याकडे अजून जन्माला यायची आहे. तरी मी आजूबाजूला कोणी नाही हे पाहून घेतलं आणि हळूच म्हटलं, "रखमाजी."

त्यांनी कष्टानं मान हलवली. "ते न्हाई. ते कामाचं नाव हाय. माझं घे."

माझे वडील रखमाजी नव्हते, हे मला त्या दिवशी कळलं.

मी नर्स होते. सगळी नोकरी बदनापुरात काढली आणि निवृत्तीनंतरही इथेच स्टेशनजवळ राहते. माणूस निघाला की मला कळतं. पाय गार पडतात, नखं निळी होतात, लघवी थांबते. अण्णांचं हे सगळं होऊन गेलं होतं. जालन्याच्या डॉक्टरांनी "घरी न्या, सेवा करा" असं सांगितलं, ते वाक्य मी जन्मभर इतरांच्या नातेवाइकांना ऐकवत आले आहे. अण्णांना मी माझ्या घरी आणलं, पण ते जात नव्हते. पोटात अन्न नाही, डोळ्याला डोळा नाही, नाडी बोटाला लागे न लागे. कुशीवर वळवलं की पाठीच्या जखमांनी विव्हळायचे. "सोडव," म्हणायचे. मला देवाकडे दुसरं काही मागायचं नव्हतं. त्यांना सुटू दे, एवढंच.

अण्णा सुतार. दारं, पाट, पलंग सगळं करायचे, पण जालन्यात त्यांना ओळखत ते पेट्यांसाठी. जुन्या छावणीतल्या चर्चला लागणाऱ्या मयताच्या पेट्या पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच घरातून जात. आम्ही विश्वकर्म्याची पूजा करणारे; पण गिऱ्हाइकाचा देव कोणता, हे सुतार विचारत नाही. लहानपणी मी अर्धवट झालेल्या पेटीत बसून पाढे पाठ केलेले आहेत. आई ओरडायची. अण्णा म्हणायचे, "बसू दे, आंब्याचं लाकूड हाय, थंड ऱ्हातं." गल्लीतल्या बायका मात्र, अण्णांनी पोराकडे जरा जास्त वेळ पाहिलं की पोराला घरात ओढायच्या. मापं घेतो म्हणे! अण्णांना त्याचं हसू यायचं. मला त्या बायकांचा राग यायचा, अजूनही येतो.

अण्णांनी नाव मागितलं त्याच आठवड्यात, भर दुपारी एक माणूस दारात आला. इस्त्रीचा शर्ट, काखेत पिशवी, विम्याचे एजंट असतात तसा. उन्हातून आला होता, पण अंगावर घामाचा थेंब नव्हता.

"इथं कोन ऱ्हातं?" त्यानं विचारलं.

"तुमाला कोन पाह्यजे?"

त्यानं काखेतली पिशवी चाचपून पाहिली. "नाव ध्यानात येईना," म्हणाला.

"मंग ध्यानात आल्यावर या." दारावर येणाऱ्यांशी मी अशीच बोलते. तो निमूट गेला.

दोन दिवसांनी तो परत आला. तोच प्रश्न, तेच उत्तर. या वेळी मात्र त्यानं माझ्या खांद्यावरून आत खाटेकडे नजर टाकली. "हायेत की," तो म्हणाला, "पर नाव पाह्यजे." त्याच्या बोलण्यात दमदाटी नव्हती, उलट अडचणीत सापडलेल्या माणसासारखा बोलला. मी दार लावून घेतलं. बाहेर ऊन रखरखत होतं, तरी मी आतून कडीही घातली.

अशा गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांना मी आयुष्यभर फैलावर घेतलं आहे. तरी त्या दुपारी मी शहागडला फोन लावला. तिथे अण्णांची थोरली बहीण असते, झुंबरआत्या. नव्वदी पार केलेली, पण कान शाबूत.

"आत्या, अण्णांचं आधीचं नाव काय व्हतं?"

"रखमाजीच," ती म्हणाली. "दुसरं नाव न्हाई त्याला. तू त्याला पेज पाज." आणि फोन बंद.

आत्या खोटं बोलत होती. खोटं बोलणारे नातेवाईक मी दवाखान्यात रोज ऐकले आहेत.

शेजारच्या प्रेमलाला अण्णांजवळ बसवून मी जालन्याला गेले. चर्चची देखभाल राजानंद करतात, अण्णांचे जुने स्नेही. आत कोणी नव्हतं. बाकं पुसलेली, खिडक्या बंद, बाहेरच्या ऑटोंचा आवाज भिंतीपाशीच थांबत असावा इतकी शांतता. मी काय शोधते आहे ते ऐकून त्यांनी दफनाच्या नोंदींची जुनी पुस्तकं काढली. मेलेल्याचं नाव, वय, कारण, आणि शेवटच्या रकान्यात पेटी कोणी केली ते.

रखमाजी. पान उलटलं. रखमाजी. दुसरं पुस्तक उघडलं. निजामाच्या काळातली पानं, रखमाजी. छावणीत गोरे शिपाई होते तेव्हाची पानं, तिथेही वळणदार इंग्रजीत रखमाजी. शाई बदलली, अक्षर बदललं, पाद्री बदलले आणि पेटी करणारा तोच. शंभर वर्षांहून जास्त काळ एकच माणूस खाली मान घालून रंधा मारत बसला आहे, असं मला वाटलं आणि मी पानावरचा हात काढून घेतला.

"भिऊ नका सिस्टर," राजानंद म्हणाले. "मी बी पोरपनी भ्यालो व्हतो. तुमच्या घरचा रिवाज हाय ह्यो. जो पेट्या करील तो रखमाजी. बाप गेला का पोरगं कामाला बसतं, अन् त्या दिवशी आपलं नाव सोडून देतं. पेटी करनाऱ्याच्या दारात मरन आलं, तर त्याला उमजू नये का ह्यो कोनता रखमाजी. तुमच्या आज्याचं खरं नाव तातेराव व्हतं."

"अन् अण्णांचं?"

"ते कुनालाच ठाव न्हाई." त्यांनी थोडी पानं मागे नेली. "पर हे बघा, तुमच्या आज्याची आधीची पोरं."

'रखमाजी सुतार याचा मुलगा अंगद, वय चार, देवी.' त्याच्याखाली, त्याच महिन्यात, 'मुलगा श्रीपती, वय दोन, देवी.' लहान लेकरांना आपल्यातही पुरतातच. देवीच्या त्या साथीत पाद्र्यानं आपल्या दफनभूमीच्या कोपऱ्यात जागा दिली असणार. दोघांच्याही शेवटच्या रकान्यात रखमाजी लिहिलेलं नव्हतं. 'पेटी बापाने केली,' असं होतं. आजोबांचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही. त्या तीन शब्दांवर मी बोट ठेवलं आणि मला रडू आवरलं नाही.

राजानंदांनी मला रडू दिलं. मग आतून एक घडी घातलेला कागद आणला. "आज्याचं मृत्युपत्र. त्यायला लिहिता येत न्हवतं, पाद्र्यानं लिहून ठिवलं. मागायला कुनीच आलं न्हाई."

कागद घडीवर फाटायला आला होता. 'माझ्या करवती, रंधे, वाकस व इतर हत्यारे माझ्या मुलास द्यावीत. माझ्यामागे तो रखमाजी होईल. आधीच्या दोघांची बारशी केली, नावाने हाका मारल्या, ते गेले. म्हणून ह्याचे बारसे केले नाही. ह्यास आजवर कोणी नावाने बोलाविलेले नाही. नाव योजलेले आहे. ते माझी मुलगी झुंबर हिजपाशी दिले आहे. तिला माझ्याकडून दुसरे काही नाही. ते तिने जपावे.' खाली अंगठा.

लोक लेकीला पाटल्या देतात, गाय देतात. माझ्या आत्याला बापाकडून एक नाव मिळालं होतं, आणि तेही कधी कोणाला दाखवता न येणारं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शहागडला पोचले. हायवेवरून ट्रक जात होते आणि आत्या ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. मी चप्पल काढायच्या आत तिनं विचारलं, "कागद वाचला जनू?"

"वाचला. आता सांग आत्या."

"सांगितलं का जाईल त्यो." ती माझ्याकडे पाहत नव्हती. "मायनं त्याला जनम दिला अन् ती गेली. बापानं मला जवळ घेऊन कानात नाव सांगितलं. म्हनला, झुंबरे, हे तोंडातून निघालं का तुझा भाऊ गेला. मी केवढी व्हते गं! सात-आठ वर्साची. टाळी वाजवून बोलवायचो त्याला, कुत्र्यावानी. त्यो यायचा. लगीन झालं, तर झोपंत बडबडले म्हंजी? पदर तोंडात धरून निजायची मी. नवऱ्याला वाटलं, याडी हाय."

मी तिचा हात धरला. "तू जपलं म्हनून एवढे जगले ते. पर आता जगनं न्हाई ऱ्हायलं आत्या, नुसतं अडकून पडलेत. पाठीचं हाड दिसून राह्यलंय."

"म्हंजी माझ्या तोंडानं मारू काय मी त्याला?"

मीही दुसरं काय मागायला आले होते? बापाचं मरणच मागायला आले होते, बस पकडून. मग जे खरं होतं तेच बोलले.

"ते सोता मागून राह्यलेत. नावानं हाक मार म्हनतेत. जन्मात कुनी मारलीच न्हाई त्यांला."

आत्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मागतो?"

"रोज."

"कधी कायबी मागितलं न्हाई गं त्यानं," ती म्हणाली. मग आत सुनेला हाक मारून म्हणाली, "साधना, हरभरे भिजू घाल. उद्या सकाळच्याला बदनापूरला जायचंय मला."

सकाळी ती जीप करून आली. पाय धुतले, हरभरे माझ्या चुलीवर शिजायला टाकले, आणि अण्णांच्या खाटेवर जाऊन बसली.

"आलीस झुंबरे," अण्णा म्हणाले.

"आले."

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं काम आत्याचं. अण्णांची आत्या कधीच गेलेली. झुंबरआत्यानं त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, कानाशी तोंड नेलं आणि पाळण्यातल्या बाळाला करतात तसं "कुर्रर्र" केलं. अशा वेळी बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. मी नुसता हात ठेवला. घरात इतकं शांत होतं की मलाही ऐकू आलं.

"सोमेश्वर."

अण्णांनी डोळे मिटून घेतले. मग आत्या ताठ बसली आणि गल्लीत खेळणाऱ्या पोराला बोलवावं तशी मोठ्यानं ओरडली, "सोमेश्वराऽ!"

"ओ!" अण्णा म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण लहान होता. त्यांनी मान दाराकडे वळवली. "ओ. आलो, आलो."

मी दाराकडे पाहिलं नाही. माझं बोट त्यांच्या नाडीवर होतं. बोटाखाली आता काही नव्हतं, तरी मी ते काढलं नाही.

दुपारपर्यंत माणसं जमली. अंगणात तिरडी बांधायचं काम चाललं होतं. आत्या उंबऱ्याशी पातेलं घेऊन बसली होती आणि येईल त्याच्या हातावर मूठभर घुगऱ्या घालत होती. "घ्या. माझ्या भावाचं बारसं हाय."

मयताच्या घरी कोणी तोंडात काही घालत नाही. लोक एकमेकांकडे पाहू लागले. प्रेमलानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. तिनं दोन दाणे तोंडात टाकले. मग उन्हात उभे असलेले म्हातारे सुतार पुढे झाले, टोप्या सावरत त्यांनी ओंजळी पुढे केल्या, आणि बारशाच्या घरी विचारायची पद्धत आहे म्हणून एकेक जण हलक्या आवाजात विचारू लागला, "नाव काय ठिवलं?"

आत्या ज्याला त्याला सांगत होती. मोठ्यानं.