कव्हरावरचा घोडा

नवीन पुस्तक कसं निवडावं हे लोकांना कळत नाही. दाराजवळच्या नव्या पुस्तकांच्या टेबलामागे मी बावीस वर्षं उभा आहे, म्हणून छातीठोकपणे सांगतो. माणूस आत येतो, टेबलाभोवती एक चक्कर मारतो आणि त्याचा हात जातो तो सगळ्यात जाड पुस्तकाकडे. नाहीतर सगळ्यात चकचकीत पुस्तकाकडे. एक बाई दर महिन्याला येऊन विचारतात, "निळ्या रंगाचं काही नवीन आलंय का?" त्यांच्या दिवाणखान्याचे पडदे निळे आहेत. मी त्यांना मुकाट्याने निळं पुस्तक देतो. जो वाचणारच नाही त्याच्याशी हुज्जत कोण घालणार?

टेबलाच्या डाव्या बाजूला मोठ्यांची पुस्तकं, उजव्या बाजूला मुलांची. नव्या पुस्तकाला या टेबलावर सहा आठवडे मिळतात. तेवढ्यात खपलं नाही, तर खोक्यात भरून प्रकाशकाकडे परत. प्रत्येक गठ्ठ्यापुढे एक कार्ड असतं. दुकानातल्या ज्याने ते पुस्तक वाचलं असेल, त्याने त्यावर हाताने चार ओळी लिहायच्या. ही कार्डांची पद्धत माझी. लोकांचा लेखकावर विश्वास नसतो, प्रकाशकावर तर नसतोच, पण शाईने लिहिलेलं अक्षर दिसलं की विरघळतात. माझं अक्षर चांगलं आहे. "काकांनी लिहिलंय ना, मग द्या," असं म्हणणारी गिऱ्हाइकं मी पैजेवर दाखवीन.

दुकान दहाला उघडतं. मी नऊला येऊन मावशींना दार उघडून देतो. त्या झाडलोट करतात, लादी पुसतात, तोवर मी मागच्या खोलीत आलेली पार्सलं सोडतो. दहा वाजता पुढे येऊन टेबलामागे उभा राहतो तो संध्याकाळपर्यंत. मला याखेरीज दुसरं काही येत नाही आणि कधी शिकावंसंही वाटलं नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना जावईबापू दुकानात आले. मालकांच्या धाकट्या मुलीचे यजमान. आधी नळाच्या तोट्या विकायचे. त्यांनी तीन रंगांची पेनं आणली आणि तीन माणसांच्या नावाने कार्डं लिहायला सुरुवात केली. हिरव्या शाईतल्या माणसाला प्रत्येक पुस्तक वाचून रडू यायचं. काळ्या शाईतला सगळं एका बैठकीत संपवायचा. जांभळ्या शाईतल्या बाईच्या लेकीला प्रत्येक पुस्तक उशाशी घेऊन झोपायचं असायचं. वीस दिवसांत चाळीस पुस्तकांची कार्डं झाली.

"जावईबापू, हे सगळं वाचता तरी कधी?" मी एकदा विचारलं.

"वाचायचं कशाला काका? कव्हर बघितलं की अंदाज येतो."

मी कपाळाला हात लावला. तोट्या विकणारा माणूस. त्याला काय सांगणार?

पण मालकांना जावयाचं कौतुक. शिवाय मालकांना स्वतः होऊन काही ठरवण्याचा भारी कंटाळा. एका सोमवारी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि म्हणाले, "एका टेबलाला दोन माणसं कशाला? दोघांनी एकेक पुस्तक घ्या, बारा-बारा प्रती. शनिवारपर्यंत ज्याचा गठ्ठा आधी संपेल, टेबल त्याचं. दुसऱ्याने मागची खोली सांभाळायची."

मागची खोली म्हणजे दिवसभर पार्सलं, दोरे, चिकटपट्टी आणि एक खिडकी, तीही गल्लीतल्या भिंतीकडे उघडणारी. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. टेबल गेलं की मी कोण? खोकी फोडणारा म्हातारा. वरवर मी हसलो, पण खरं सांगतो, ती खिडकीच डोळ्यांपुढे येत होती.

जावईबापूंनी मोठ्यांच्या बाजूचं एक पुस्तक उचललं, पहाटे चारला उठून आयुष्य पालटून टाकण्याबद्दलचं. हे स्वतः साडेदहाला दुकानात येतात. मी मुद्दाम उजव्या बाजूची सगळ्यात मेलेली रास घेतली. मुलांसाठीचं बारीकसं पुस्तक, कव्हरावर एक मुलगी आणि पांढरा घोडा. पाच आठवडे झाले, बारा प्रती आलेल्या, बाराच्या बारा तशाच. पुढच्या सोमवारी खोक्यात जायची होती. म्हटलं, बघा आता, टेबलावर उभं राहायचं म्हणजे काय असतं ते.

मी कार्ड लिहिलं: "हा घोडा सगळ्यांना झेपणारा नाही. ज्यांच्या मुलांना अजून सशाच्या गोष्टी लागतात, त्यांनी कृपया शेजारचा गठ्ठा बघावा."

गठ्ठा सरळ करताना सगळ्यात खालच्या प्रतीत एक निळा दोरा सापडला. पानांच्या मधे, खुणेसाठी घातलेला. माझं डोकंच सणकलं. आमच्याकडे येणाऱ्या लोकांत मला सगळ्यात जास्त चीड कुणाची असेल, तर या फुकट्यांची. यांना पुस्तक विकत घ्यायचं नसतं, उभ्या उभ्या चरायचं असतं. वर पान हरवू नये म्हणून दोरासुद्धा घालून जातात! मी दोरा उपटून टाकला. दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा दोरा. तोही काढला. बुधवारी पुन्हा. दिवसभर मी लक्ष ठेवलं, पण त्या गठ्ठ्याशी रेंगाळणारं कुणी दिसलं नाही. मोठाच बेरकी दिसतोय, असं म्हणून तोही दोरा टोपलीत टाकला.

कार्ड मात्र लागू पडलं. आईबापांना मूल कसंही असलेलं चालतं, साधारण असलेलं चालत नाही. सोनेरी काड्यांचा चष्मा घातलेले एक गृहस्थ कार्ड वाचून ताठच झाले. "झेपणार नाही म्हणजे काय? आमचा चौथ्या वर्षापासून वर्तमानपत्र वाचतो." घेतलं. एका बाईंनी मैत्रिणीला ऐकू जाईल अशा आवाजात, "ससे काय, आमच्याकडे कधीच संपले," म्हणत दोन घेतली. एकानेही पुस्तक उघडून पाहिलं नाही. पहिलं पानसुद्धा नाही! मी गालातल्या गालात हसत एकेक प्रत बांधून देत होतो. यांच्यासाठी लोक पुस्तकं लिहितात म्हणे.

शनिवारी दुपारी माझी एक प्रत उरली आणि जावईबापूंच्या दोन. तेवढ्यात दातांचे एक डॉक्टर नातवाला घेऊन आले. मी खालची प्रत उचलली, झटकली, तिच्यातून निळा दोरा पडला, तो पायाने बाजूला केला आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं. जावईबापूंचा चेहरा पडला. मालक म्हणाले, "सोमवारपासून टेबल तुमचं, काका." घरी जाताना मी शीळ घातली. किती वर्षांनी घातली असेन कोण जाणे.

सोमवारी नऊला मावशींना दार उघडून दिलं आणि मागच्या खोलीत गेलो. जरा वेळाने त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. एरवी त्या मागे येत नाहीत.

"भाऊ, ते घोड्याचं पुस्तक कुठं हलवलंत?"

"संपलं!" मी म्हणालो. "बाराच्या बारा गेली. मीच संपवली."

"सगळी?"

"सगळी."

त्यांच्या हातात लादी पुसायचं फडकं होतं. निळं. कडेचे दोरे सुटलेले. मी त्या दोऱ्यांकडे बघत राहिलो.

"माझं एकसष्टावं पान चालू होतं," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही? तुम्ही वाचता?" शब्द तोंडातून गेले आणि ज्या सुरात गेले, त्याची मला अजून लाज वाटते.

"मागच्या वर्षी शिकले. आमच्या गल्लीतल्या शाळेत बायकांचा वर्ग असतो. काम लवकर उरकते, मग वाचते. दोन पानं होतात दिवसाला. हात कोरडे करून घेते हां, कुठं डाग नाही पाडला." त्यांनी फडक्याचा सुटलेला दोरा आत दडपला. "मधे कुणीतरी दोरा काढून टाकायचं. मग पान सापडायचं नाही, मागून वाचत यावं लागायचं."

"गिऱ्हाइकं असतात तसली," मी म्हणालो.

"असू दे. तुम्ही वाचलंय ना? तुम्ही तर सगळीच वाचता. मग पुढचं तेवढं सांगा, म्हणजे जिवाला घोर नाही. ती पोरगी पकडली जाते का?"

असल्या प्रश्नांची मला भीती वाटत नाही. गेली कित्येक वर्षं माझी एक रीत आहे. पहिलं पान, मधलं एखादं पान, मागच्या कव्हरावरचा मजकूर. तेवढ्यावर मी कुठल्याही पुस्तकाबद्दल पाच मिनिटं बोलू शकतो, आजवर कुणी पकडलेलं नाही. हे पुस्तक मी तेवढंही बघितलं नव्हतं. कशाला बघायचं? बारीकसं पुस्तक, मुलांचं, घोड्याचं.

"पकडली जाते की काय असं वाटतं खरं," मी गळा साफ केला, "पण तो घोडा तिला सोडून जात नाही. अडचणी फार येतात, नदीबिदी लागते. शेवटी तोच तिला सुखरूप घरी आणतो."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या.

"कुठला घोडा?"

"पांढरा. कव्हरावरचा."

"भाऊ, त्यात घोडा नाहीये."

मी चिकटपट्टीचं टोक शोधू लागलो.

"शेजारी एक आंधळी म्हातारी असते," मावशी सांगू लागल्या, अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. "तिच्या मुलाची पत्रं येतात. ही पोरगी तिला ती वाचून दाखवते. पण पोरीला वाचताच येत नाही. सांगायची लाज वाटते, म्हणून कागद हातात धरते आणि मनानंच काहीतरी रचते. मुलगा मजेत आहे. मुलगा पांढऱ्या घोड्यावरनं येणार आहे. मग म्हातारी रोज टापा ऐकायला दारात बसते. आणि एकसष्टाव्या पानावर तो येतो. चालत येतो, कुबडी घेऊन. घोडा पोरीनं रचलेला, भाऊ."

त्यांनी फडकं दुसऱ्या हातात घेतलं.

"तुम्ही वाचलं नाहीये ते," त्या म्हणाल्या. बादलीत पाणी संपलंय, असं म्हणावं तशा. त्यात तुच्छता असती तर मला बरं वाटलं असतं. तुच्छतेला उत्तर कसं द्यायचं ते मला चांगलं येतं.

त्या पुढे जाऊन लादी पुसू लागल्या. मी एक पार्सल सोडायला घेतलं आणि तसंच धरून बसलो. या वर्षी टेबलावर आलेल्या पुस्तकांपैकी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेली किती, ते आठवून बघितलं. दोन आठवली. त्यातलं एक गेल्या वर्षीचं निघालं. आणि मी तोट्या विकणाऱ्या माणसाला हसत होतो! तो निदान मी विचारल्यावर खरं बोलला होता.

दहाला दार उघडलं आणि पहिल्या आल्या त्या, मैत्रिणीला ऐकू जाईल असं बोलणाऱ्या बाई. एक प्रत त्यांनी टेबलावर आपटली.

"मैत्रिणीनं तिचं ठेवून घेतलंय, माझं परत घ्या. घोडा कुठाय म्हणून मुलानं घर डोक्यावर घेतलंय. अख्ख्या पुस्तकात एक घोडा नाही! तुम्ही हे वाचून लिहिता की कसं?"

"न वाचता लिहिलं," मी म्हणालो.

बाईंना पुढचं भांडण सुचेना. विकलेलं पुस्तक परत घेतलं जाणार नाही, अशी पाटी भिंतीवर आहे, ती माझ्याच अक्षरातली आहे. मी पुस्तक परत घेतलं. "मग सशाचं काहीतरी द्या," त्या हळूच म्हणाल्या, आणि मैत्रीण कुठे आसपास नाही ना, ते बघून घेतलं. मी ससा बांधून दिला.

मावशी पिशवी घेऊन निघाल्या होत्या. मी त्यांना हाक मारली, माझं स्टूल पुढे ओढलं आणि पुस्तक हातात दिलं. त्यांनी हात कोरडे होते तरी पुन्हा पुसले.

"इथं? गिऱ्हाइकं येतील."

"येऊ देत. मोठ्यानं वाचा. मलाही ऐकायचंय."

त्यांनी एकसष्टावं पान काढलं. ओळीखाली बोट ठेवलं. "म्हा... म्हातारीनं कान... टव... टवकारले." एकेक अक्षर हाताने चाचपून बघावं तसं येत होतं. जावईबापू साडेदहाला आले, नव्या पुस्तकांचा ढीग टेबलावर ठेवून त्यांनी आपली तिन्ही पेनं माझ्यापुढे केली. "घ्या काका, तुम्ही जिंकलात. अकरा नवी आलीत, कार्डं लिहा."

"वाचून झाली की लिहितो."

"अकराच्या अकरा? त्याला महिना लागेल."

"लागू दे."

निळ्या पडद्यांच्या बाई आत आल्या. त्यांनी तोंड उघडलं तसा मी ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. त्या का कोण जाणे, तिथेच उभ्या राहिल्या. मावशी वाचत होत्या. मुलगा दारात उभा होता, म्हातारी हवेत हात फिरवत घोड्याची मान शोधत होती, आणि पोरगी भिंतीला टेकून सगळं बघत होती. मग म्हातारीनं मान वळवली आणि पोरीला म्हणाली... इथे मावशींचं बोट थांबलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"थांबा की भाऊ," मावशी म्हणाल्या. "मोठा शब्द आहे."

मी थांबलो.