दांडीला लागलेला रंग

बॉयलरच्या डोक्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. वाफेचा दाब हद्दीबाहेर गेला की तो आपोआप उघडतो आणि आम्ही जिवंत राहतो. त्याला एक छोटी दांडी असते. ती दांडी रोज सकाळी जिवल्या पुसायचा.

जिवल्या सफाळ्याच्या पलीकडच्या पाड्यावरचा. पन्नाशीचा गडी, कंत्राटावर हेल्पर. रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला जाणारा आणि उरलेले सहा दिवस गुणगुणत राख ओढणारा. मी बॉयलर चालवणारा, कराडकडून पोटासाठी कुंभवलीच्या कारखान्यात येऊन पडलेला. मला या कामाचा मनापासून वैताग होता आणि त्याहून जास्त वैताग जिवल्याच्या गुणगुणण्याचा.

"एवढं काय सुख लागलंय रे राख ओढण्यात?" मी एकदा खेकसलो होतो.

"शास्त्रात सांगितलंय भाऊ, हाताला येल ते काम जीव लावून करायचं. आपल्या कष्टात आनंद वाटला, तर ती देवाचीच देणगी हाय."

"मग तुझ्या देवाला सांग, मला दुसरी देणगी दे म्हणावं."

तो हसला होता.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. आदल्या दिवशी जाळ विझवून सगळं घासायचं, रंगवायचं, मग झेंडूचे हार. पूजेला जिवल्या बाजूला उभा राहायचा, पण घासण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. यंदा लाल रंगाचा डबा घेऊन तो बॉयलरवर चढला. मी खाली डबा उघडून जेवत होतो.

"भाऊ, ही दांडी पन रंगवू का?"

व्हॉल्व्हला रंग लावायचा नसतो, हे मला ठाऊक होतं. पण तोंडात घास होता आणि वर बघायचाही कंटाळा आला होता.

"रंगव रे, सगळं चकाचक कर."

त्यानं जीव लावून रंगवलं. सांध्यात, फटीत, कुठे म्हणून जागा सोडली नाही.

दसऱ्याची सुट्टी संपवून मी जाळ पेटवला. रोज मी येण्याआधी जिवल्या वर चढलेला असायचा, त्या दिवशी त्याची गाडी उशिरा आली. दाबाचा काटा सातावर होता तेव्हा तो फडकं घेऊन चढला. गुणगुणणं मध्येच थांबलं. ते थांबलं आणि मला पहिल्यांदाच त्याची उणीव जाणवली.

"भाऊ, दांडी हलत नाय."

"जोर लाव."

"लावला. रोज फडक्याबरोबर जराशी उचलते. आज दगड झालीय."

काटा आठावर गेला; साडेआठाला व्हॉल्व्ह उघडायला हवा. हार अजून काट्याच्या कडेला लोंबत होता आणि गरमीनं झेंडू काळे पडत होते. पलीकडच्या खात्यात तीस माणसं होती, त्यांत नुकती लागलेली उत्कर्षा, माझ्या बहिणीची मुलगी. तरी मी म्हटलं, "नंतर बघू, बॅच अडकेल."

"भाऊ, जाळ ओढा."

त्यानं माझी वाट पाहिली नाही. उतरला, फावडं घेतलं आणि जळते ओंडके बाहेर ओढायला लागला. मग मीही लागलो. काटा नवावर थांबला, बराच वेळ तिथेच थरथरला आणि खाली आला.

बॅच वाया गेली. मॅनेजर आला, वर जाऊन आला. रंगानं दांडी चिकटून बसली होती.

"कोणी रंगवलं हे?"

"मीच रंगवलं, साहेब," जिवल्या म्हणाला.

"कोणाला विचारून?"

जिवल्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चूक माझीच हाय."

मी बोलायला हवं होतं. बोलायला तोंड होतं, वेळही होता. मी काट्याकडे बघत उभा राहिलो.

त्याला दुपारीच गेटबाहेर काढलं. जाताना त्यानं धुतलेलं फडकं माझ्या हातात दिलं. "रोज पुसा, भाऊ. हाताला कळतं."

आता रोज सकाळी मी वर चढतो. दांडी पुसतो, ती जराशी उचलली जाते, आणि खाली तीस माणसं सुखरूप कामाला लागतात. जिवल्याला रोज याच क्षणी गाणं सुचत असावं, ते आता कळतं. मला लाज वाटते. आज मी फडकं खिशात घातलं, उतरलो आणि मॅनेजरच्या केबिनचं दार ठोठावलं.