तळहाताची खाज

"हातच नाही, तर खाज कसली रे खंडू?" सुपरवायझर लक्ष्मणराव हसून म्हणाले. टाइम ऑफिसातले दोघे कारकूनही हसले.

पत्रा कापायच्या प्रेसमध्ये खंडूचा उजवा हात मनगटापासून गेला होता. माल जास्त निघावा म्हणून हात आत जाऊ नये म्हणून मशीनला असलेला गार्ड काढायला लावला होता तो याच लक्ष्मणरावांनी. आणि आता हसतही तेच होते. लाज म्हणून काही असते, ती या माणसाच्या गावीही नव्हती.

"तळव्यात खाजतंय साहेब. जीव नकोसा होतो. माजा हात कुठं टाकला तेवढं सांगा, आमी पुरतो."

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, "खाज खरी आहे. हात गेला, पण मेंदूतली त्याची जागा, चेहऱ्याच्या जागेला लागूनच असलेली, अजून जागी आहे." बायको कस्तुरा म्हणत होती, हात उघड्यावर पडलाय, त्याला मुंग्या लागल्यात. खंडूला दोन्ही पटत होतं. हात गुंडाळायला कोरं कापड घेऊन कस्तुरा गेटबाहेर थांबली होती.

"भंगारात गेला असेल," लक्ष्मणराव म्हणाले. "शिफ्ट चालू होती. मशीन बंद ठेवून शोधत बसायचं होतं का?"

खंडूच्या डाव्या हाताची मूठ वळली. ती त्याने टेबलावर आपटली आणि तो बाहेर पडला.

कस्तुराने त्याच्या तोंडून सगळं ऐकलं आणि गेटकडे तोंड करून कंपनीचा उद्धार केला. वॉचमनने मान खाली घातली.

गेटसमोर ज्योतीराम न्हावी बसे. अपघातापासून खंडू त्याच्याकडेच दाढी करी. "बसा खंडूभाऊ, डोकं शांत हुईल," म्हणत त्याने साबण लावला. उजव्या गालावर वस्तरा फिरला आणि खंडू दचकला. तळव्यातली खाज थांबली होती.

"परत फिरव तिथंच."

"साफ झालाय गाल. कातडं निघंल."

"मग नखानं खाजव."

ज्योतीरामने बिचकत गालावर नख फिरवलं. नख सरकेल तसा खंडूला गेलेला आंगठा जाणवला, मग करंगळी, मग मधला तळवा. सगळा हात खंडूला जागच्या जागी सापडला. त्याचे डोळे भरून आले आणि रागही तेवढाच आला.

"अवो, काय झालं?" कस्तुराने विचारलं.

"त्यांच्या भंगारात न्हाई गेला. हितं हाय," तो गालाला हात लावून म्हणाला.

 कस्तुराने कोऱ्या कापडाची घडी मोडली आणि त्याच्या गालावरचा उरलेला साबण हळूहळू पुसून काढला.