झाकणावरचा हात

"ताई, आधी तोंड गोड करा! मेजोरॉन सापडला!" सरांनी स्वतःच्या हातानं तिच्यापुढे केकचा तुकडा धरला. बोगद्यातल्या प्रयोगशाळेत आज कुणाचे पाय जमिनीवर नव्हते.

मेजोरॉन हा आजवर नुसता कागदावरचा कण. निसर्गातली एक सममिती कधीकाळी मोडली, न्यूट्रिनोंना वस्तुमान मिळालं, आणि त्या मोडतोडीची खूण म्हणून हा उरला असावा, असा अंदाज. तो हाती लागत नाही. अणूचा क्षय होताना थोडी ऊर्जा घेऊन पसार होतो, आणि उरलेल्या ऊर्जेच्या आलेखावर फुगवटा येतो. त्या फुगवट्यासाठी डोंगराच्या पोटात एवढा संसार मांडलेला. हा क्षय टिपणाऱ्या स्फटिकांवर तांब्याची झाकणं बसवायचं काम ताईचं. उघडा हात लावायची सक्त मनाई. घामातलं नावापुरतं किरणोत्सारी पोटॅशियमही इथे घात करायचं.

ताईनं आलेख पाहिला आणि घास तोंडातच राहिला. फुगवटा एकाच स्फटिकाचा होता. बाकीचे स्फटिक तितके चांगले नाहीत, असं सर सगळ्यांना पटवत होते.

"सर, याचं झाकण बसवलं तो दिवस आठवतो?"

"नाही बुवा. का?"

ते 'नाही बुवा' ऐकलं नसतं, तर ती कदाचित गप्पही बसली असती.

"सकाळी भावाचा फोन आला होता, आई गेली म्हणून. तुम्ही म्हणालात, एवढं झाकण बसवा आणि मग जा, तुमच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही."

"बरं, मग?"

"हातमोजा काढून डोळे पुसले मी. तोच हात झाकणाला लागला. वाटलं, पुसलं की झालं."

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. "अहो, कामाच्या वेळी रडायचं असतं का? सगळ्या जगाला कळवून बसलोय मी!"

त्या दिवशी ती घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. "आता कशाला आलीस?" भाऊ दारातच म्हणाला होता. त्यानंतर त्या घरी तिला कुणी बोलावलं नाही, आणि तिला पुन्हा रडूही आलं नाही.

झाकण उतरवून आम्लात धुवायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. तिनं हातमोज्यांवर हातमोजे चढवले. आईसाठी जे काही रडली होती ते एवढंच, या तांब्यावरचं. ते तिनं घासून घासून काढलं.

पुढच्या आलेखात फुगवटा नव्हता. सरांनी चष्मा काढून पुसला, तिच्याकडे न बघताच म्हणाले, "आता कसं स्वच्छ झालं."